कृषी सल्ला: खोलीतल्या रोपांसाठी एलईडी दिवा घेताना

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने विचारलंय: "साहेब, घरामागची खोली मोकळी आहे. रॅक लावून लेट्यूस आणि मायक्रोग्रीन (कोवळी असतानाच कापायची रोपं) घ्यायचा विचार आहे. दुकानदार १००० वॉटचा जांभळा ग्रो लाइट स्वस्तात देतोय. घेऊ का?"

खोक्यावरचा आकडा बघून तरी घेऊ नका. हे १००० वॉट म्हणजे बहुधा आतल्या सगळ्या एलईडींच्या कमाल क्षमतेची बेरीज असते. दिवा प्रत्यक्षात ओढतो शंभर-दीडशे. ड्रायव्हरवरचं (एलईडीला वीज पुरवणाऱ्या डबीवरचं) लेबल वाचा, नाहीतर प्लगला वॉटमीटर लावून बघा. ल्युमेनही सोडून द्या, ते माणसाच्या डोळ्यासाठीचं माप. रोपाच्या कामाचा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीमधला, आणि तो मायक्रोमोलमध्ये, म्हणजे प्रकाशकणांच्या संख्येत मोजतात. दुकानदाराला एवढंच विचारा: एका ज्यूल विजेला (एक वॉटचा दिवा सेकंदाला घेतो तेवढी) किती मायक्रोमोल? २.५ च्या वर असेल तर घ्या. दीडच्या खालचा दिवा फुकट मिळाला तरी वीजबिलात महाग पडतो. उत्तरच येत नसेल तर पुढचं दुकान गाठा.

हिशोब करून बघू. ४ बाय २ फुटांच्या एका कप्प्यात लेट्यूसला दर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोल धरले, तर कडेने वाया जाणारा प्रकाश धरून १९० च्या आसपास मायक्रोमोल लागतात. चांगला दिवा त्यासाठी ७६ वॉट घेईल, १.३ कार्यक्षमतेचा १४६. रोज १६ तास चालवला तर महिन्याला ३६ युनिट विरुद्ध ७० युनिट, आणि तेही एकाच कप्प्याचे. मायक्रोग्रीनला याच्या निम्म्या-पाऊण प्रकाशात भागतं. पालक आणि कोथिंबिरीला मात्र १२ तासांच्या फार पुढे जाऊ नका, लांब दिवसात ती लवकर फुलावर येतात. टायमर लावाच.

रंग म्हणाल तर पांढरा, त्यात थोडा लाल. जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलंय की मावा लागलाय, काही कळत नाही.

आता खरी अडचण. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. दिव्याने ओढलेली वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच उरते. लेट्यूस तिशीच्या आसपासच कडू होऊन फुलाचा दांडा काढायला लागतं, म्हणजे एसी आला, आणि एसीचं बिल दिव्याच्या बिलाला गिळून टाकेल. म्हणून सुरुवात ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा. ड्रायव्हर रॅकच्या बाहेर टांगा, तापला की त्याचं आयुष्य घटतं. नुसती मेथी-पालक घ्यायची असेल तर सरळ शेडनेट उभारा. सोलापुरात ऊन विकत घ्यायची वेळ अजून आलेली नाही.

जुळे सोलापुरातल्या ताईंनी गॅलरीतल्या तुळशीसाठी दिवा विचारलाय. गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असेल तर काही नको. मनी प्लांटला तर खिडकीचा उजेड पुरतो.

सांगोल्याहून आलेला प्रश्न वेगळा: ड्रॅगन फ्रूटला हिवाळ्यात हेच ग्रो लाइट लावावेत का? नको. तिथे दिव्याचा प्रकाश झाडाच्या अन्नासाठी नसतो, कळ्या याव्यात म्हणून दिवस मोठा आहे असं झाडाला भासवायचं असतं, म्हणून रात्री काही तास साधे कमी वॉटचे एलईडी बल्ब पुरतात. थंडी कडक असेल तर दिवे लावूनही कळ्या कमीच येतात, तेव्हा आधी एकाच ओळीवर करून बघा. शेतात वायर टाकताना अर्थिंग आणि पाणी न शिरणारे होल्डर यात काटकसर नको.