विसर्जित, निमग्न की मुक्कामी?

टेंभी नाक्याजवळच्या सिनेगॉगवर, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळावर, दिवाळी अंकासाठी लिहिणाऱ्या ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय : एखाद्या धार्मिक समाजात राहून, मिसळून केलेल्या 'इमर्सिव्ह जर्नालिझम'ला मराठीत काय म्हणावं? त्यांच्या संपादकांनी 'विसर्जित पत्रकारिता' सुचवलंय.

ते नकोच. तलावपाळीवर कुणालाही विचारा, विसर्जन म्हटलं की गणपतीच आठवतो. आणि तो येतो थेट पुढच्या वर्षी, लेख मात्र महिनाभरात द्यायचा असतो.

'निमग्न' कोशाच्या हिशेबात बसतो. मूळ धातू 'मज्ज्', म्हणजे बुडणे, आणि इंग्रजी 'इमर्स'चा अर्थही तोच. पण मराठीत माणूस ध्यानात नाहीतर चिंतनात निमग्न असतो. विषयच धर्माचा असेल तर निमग्न पत्रकार हा भक्तच वाटायचा. 'सहभागी' बरा, पण अग्यारीत पारशी नसलेल्याला प्रवेशच नाही. तिथं सहभाग कसला?

मी 'मुक्कामी पत्रकारिता' म्हणेन. मुक्काम मूळचा अरबी, पण वारीनं आणि एसटीनं तो कधीच घरचा केलाय. मुक्कामी गाडी रात्री गावात थांबते, चालक-वाहक तिथंच झोपतात आणि पहाटे गाडी निघते. राहणंही त्यात आलं, निघणंही. शिवाय गाडी कुणाची हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं. म्हणून अमेरिकी पत्रकार नेली ब्लाय 1887 मध्ये वेडाचं सोंग घेऊन न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात दहा दिवस राहिली, त्याला मी मुक्कामी म्हणणार नाही. ती छुपी पत्रकारिता.

मुक्कामानं हाती काय लागतं, ते ताईंच्याच विषयात बघा. सिनेगॉग 1879 चं. एका दिवसात काम उरकणारा बातमीदार ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाला 'योम किप्पूर' लिहून मोकळा होईल. बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, जुन्या बोलीत तो 'दरफळणीचा सण', दारं लावून घेण्याचा. रोश हशाना, म्हणजे ज्यूंचं नववर्ष, हा 'नव्याचा सण'. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. असे शब्द चहाच्या तिसऱ्या कपानंतर निघतात.

एक घोळ मात्र टाळा. 2010 मध्ये अमेरिकी पत्रकार नॉनी द ला पेन्या यांनी सहकाऱ्यांसह हेच इंग्रजी नाव आभासी वास्तवातल्या (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीतल्या) बातमीला दिलं. तिथं बुडतो तो प्रेक्षक, बातमीदार नव्हे. त्याला 'आभासी पत्रकारिता' म्हणू नका, बातमीच खोटी वाटेल, 'अनुभव-बातमी' चालेल.

आमच्या गावी मुक्कामी गाडीला 'वस्तीची गाडी' म्हणतात. शब्द गोड आहे, पण 'वस्ती पत्रकारिता' म्हटलं की ठाण्यात लोक झोपडपट्टीच समजणार.