फर्मा यांचा फसलेला अंदाज

प्रश्न : ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मूळ आहे, असा सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांचा समज होता. तो चुकीचा कसा ठरला?

उत्तर : ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. याच मालिकेतील (२ चा १, २, ४, ८ आणि १६ वा घात अधिक १) आधीच्या ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या पाचही संख्या मूळ असल्याने पुढच्याही तशाच असणार, असे फर्मा यांनी सिद्धतेविनाच मानले. १७३२ मध्ये गणितज्ञ ऑयलर यांनी तिचे ६४१ आणि ६७,००,४१७ असे अवयव पाडून दाखवले. खरी गंमत शोधाच्या रीतीत आहे : या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला ६४ ने भागल्यास बाकी १ च उरते, त्यामुळे १९३, २५७, ४४९, ५७७ एवढ्याच मूळ संख्या (अर्थात हातानेच भागाकार करून) बाद केल्या की पाचव्या खेपेस ६४१ सापडते. ६७,००,४१७ मात्र स्वतः मूळच आहे.