किट विमानाच्या पंखाचे होल जुळत नसतील तर ड्रिल मारून मोठे करावेत का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नागपुरात, टिनाच्या शेडमध्ये, तुम्ही मित्रमंडळी दोन सीटचं पूर्ण धातूचं किट विमान बांधताय. डाव्या पंखाचा वरचा पत्रा बुडाकडून क्लिको (पत्रे तात्पुरते धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या खुंट्या) लावत नेला. सुरुवातीचे होल छान जुळले, टोकाकडे मात्र अर्धा-अर्धा होल सरकलेला दिसतोय. एक मित्र म्हणतो, ड्रिल मारा, रिवेट ठोका, पुढे चला. शिवाय कॅनॉपीची, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची, काच बसवताना तडकेल अशी धास्ती आहे.

ड्रिल मारू नका. मी हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, आता इथेच स्थायिक आहे आणि हिंगण्याकडे एका मित्राच्या किटला हात लावतोय, म्हणून हे ठामपणे सांगतो. आजकालच्या किटमधले होल कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने पाडलेले असतात. ते कारखान्यातूनच अर्धा होल चुकून येणं फार क्वचित घडतं. तेव्हा होलवर संशय घेण्याआधी तो ज्या भागावर आहे त्या भागाकडे बघा: वाकलाय का, उलटा बसलाय का, की नुसता तापलाय.

तापण्यापासून सुरुवात करतो, कारण तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय तिथेच गेला. एका टोकाला जुळतं आणि दुसरीकडे सरकतं, म्हणजे फरक थोडा-थोडा साठत गेलाय. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे साधारण २३ मायक्रॉन वाढतं. तुमचा पत्रा २.५ मीटरचा धरा. तो दारापाशी उन्हात पडला होता आणि आतल्या सांगाड्यापेक्षा २० अंश जास्त गरम झाला, तर १.१५ मिमी लांब होणार. ३/३२ इंची रिवेटचा होल जेमतेम २.५ मिमीचा असतो. झाला की जवळपास अर्धा होल! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, टिनाखाली तर विचारूच नका. पत्रा आणि सांगाडा रात्रभर एकाच सावलीत ठेवा आणि सकाळी उजाडताच, शेड तापायच्या आत, पुन्हा जुळवून बघा. निम्म्या वेळा भांडण तिथेच मिटतं.

नाही मिटलं तर सगळे क्लिको काढा. खरंच सगळे. पत्रा उतरवून आतल्या बाजूची संरक्षक फिल्म निघाली आहे ना, होलच्या काठांवर बर (ड्रिलने उठलेली धातूची धारदार कोर) राहिलेली नाही ना, ते बोट फिरवून बघा. दोन पत्र्यांमध्ये अडकलेली बर पत्रा टेकू देत नाही आणि मग होल तिरपे दिसतात. डाव्या-उजव्या रिब (पंखाला आकार देणाऱ्या आतल्या आडव्या फासळ्या) अदलाबदल झाल्यात का, कुठल्या रिबचा फ्लँज, म्हणजे वळवलेला काठ, उलट्या दिशेला तोंड करून आहे का, हे पार्ट नंबरवरून ताडून पाहा. हे पटकन होणारं काम आहे.

यानंतर रिबकडे या, आणि इथे वेळ द्या. रिबचा काठ साच्यावर दाबून वळवलेला असतो. वळताना गोलाईवर फ्लँजमध्ये जास्तीचा धातू उरतो, आणि त्या ओढीने अख्ख्या रिबला बाक येतो. रिब सपाट ग्रॅनाइटवर ठेवा, स्वयंपाकघरातला ओटा चालतो. ती डुलते का बघा. मग फ्लँजवरच्या होलच्या ओळीवर स्टीलपट्टी धरा. होल पट्टीच्या कडेने सरळ जायला हवेत. मधले होल बाहेर गेलेले दिसले तर फ्लुटिंगची पक्कड घ्या आणि दोन होलच्या बरोबर मधे फ्लँजला हलकी चुणी पाडा. चुणी पडली की फ्लँज तेवढा आखडतो आणि रिब सपाट होत जाते. एकदम जोर लावू नका, प्रत्येक जागी थोडं दाबा आणि परत पट्टी धरा. होलवर चुणी पडता कामा नये. फ्लँज पंखाच्या गोलाईला जुळणाऱ्या कोनात आहे का तेही गुण्या लावून तपासा, कारण तो जास्त मिटलेला असेल तर पत्रा टेकतच नाही आणि आपण उगाच होलला दोष देत बसतो. ही कामं सांगाडा बांधण्याआधीची आहेत. आता रिब सुटी करावी लागली तरी करा.

पत्रा परत चढवताना मधून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांकडे जा. आधी दर तिसऱ्या-चौथ्या होलमध्ये क्लिको, सगळं बसलं की मधले भरा. थोडंसं ओढायला निमुळता ड्रिफ्ट पंच वापरा, पण पंच ठोकावा लागतोय असं झालं तर थांबा. तिथे अजून काहीतरी वाकडं आहे.

एवढं करूनही एखादा होल खरोखरच बिघडलेला निघाला, तर पुढच्या मापाचा १/८ इंची रिवेट बसवता येतो, पण काठापासूनचं अंतर मोजूनच. होलच्या मध्यापासून पत्र्याच्या कडेपर्यंत किमान रिवेटच्या व्यासाच्या दुप्पट, म्हणजे इथे ६.४ मिमी, जागा लागते. सपाट बसणाऱ्या रिवेटसाठी एनएएस १०९७ जातीचा लहान डोक्याचा १/८ इंची रिवेट मिळतो, तो ३/३२ च्या डिंपलमध्ये (डोकं सपाट बसावं म्हणून होलभोवती दाबलेल्या खळग्यात) साधारण सामावतो. डोकं पातळ असल्याने त्याची ताकद कमी असते, त्यामुळे एखाद-दुसऱ्या जागीच, आणि किट बनवणाऱ्यांना फोटो पाठवून विचारल्यावर. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा झालेला होल रिवेट फुगवून भरून निघेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मेन स्पार (पंखाचा लांबीभर जाणारा मुख्य कणा), पंखाचे जोड, चाकांचे माउंट, कंट्रोलचे भाग, इथे स्वतःच्या अंदाजाने एकही होल बदलायचा नाही.

इतवारीच्या लोहा ओळीतून ड्रिल बिट घेत असाल तर एक बघा. ३/३२ रिवेटला लागणारा ४० नंबरचा बिट २.४९ मिमीचा असतो, त्याला २.५ चालतो. पण १/८ ला लागणारा ३० नंबरचा बिट ३.२६ मिमीचा. बाजारातला ३.२ घट्ट पडतो आणि ३.३ सैल. तो बिट नंबरप्रमाणेच मागवा. नट-बोल्ट तर दुकानातले नकोतच. विमानासाठीच्या एएन जातीच्या बोल्टमध्ये एएन ३ ला २० ते २५ इंच-पाउंड टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, एएन ४ ला ५० ते ७०, आणि लॉक नट फिरवायला जो मोकळा जोर लागतो तो यात मिळवायचा. बोल्ट स्वतः फिरतो अशा सांध्याला नायलॉनचा लॉक नट लावायचा नाही, तिथे खाचांचा कॅसल नट आणि तो अडवणारी कॉटर पिनच.

कॅनॉपीबाबत मात्र नागपूरचं ऊन तुमच्या बाजूने आहे. तिची काच ॲक्रिलिकची, म्हणजे प्लॅस्टिकची, असते. ॲक्रिलिक थंडीत तडकतं, गरम असताना नरम वागतं. डिसेंबरच्या गारठ्यात त्याला हात लावू नका, एप्रिलच्या दुपारी करा, आणि प्लॅस्टिकसाठी घासलेला बिटच वापरा. साध्या बिटची धार ॲक्रिलिकमध्ये घुसते आणि होल पार होताना टवका उडवते. ॲक्रिलिक ॲल्युमिनियमच्या साधारण तिप्पट प्रसरण पावतं, म्हणून त्यातले होल स्क्रूपेक्षा मोठे ठेवा आणि स्क्रू आवळून टाकू नका. घट्ट बांधलेली कॅनॉपी पुढे ऊन-थंडीत होलपासूनच चिरते.

पंख धडाला जोडायची वेळ येईल तेव्हा घाई करू नका. मागच्या स्पारचा बोल्ट होल तुम्हालाच पाडायचा असेल तर तो पाडल्यावर परत फिरता येत नाही. दोन्ही पंखांच्या पुढच्या कडेवरून ओळंबे सोडा, ते एका सुतात आले पाहिजेत. पंखाच्या टोकापासून शेपटापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं भरलं पाहिजे. पंख किती वर उचलले आहेत ते गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पडताळता येतं. हे सगळं दोघांनी वेगवेगळं मोजावं आणि आकडे लिहून ठेवावेत.

लिहिण्यावरून आठवलं. अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं आणि २०१७ साली डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे) त्याची नोंदणी झाली, हे तुम्ही वाचलं असेलच. तुमचं किट असलं तरी कागद तुम्हालाही लागतील. पंख बंद झाला की आत काय आहे ते तपासनिसाला दिसत नाही, म्हणून प्रत्येक पत्रा लावण्याआधी आतले फोटो काढा, तारीख टाका. वायुसेनानगरात मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय असल्याने शहरात माझ्यासारखे निवृत्त फिटर भरपूर आहेत. त्यातल्या एखाद्याला पत्रा बंद करण्याआधी शेडवर बोलवा, बहुतेक जण आनंदाने येतील.

आता पत्रा सकाळी थंड असताना मधून लावून बघा. तरी सरकला, तर कुठल्या रिबपासून फरक सुरू होतो आणि टोकाला किती मिमी होतो, एवढं इथे कळवा. रिबचा पार्ट नंबर आणि पट्टी धरलेला फोटो टाकलात तर कुठे चुणी पाडायची तेही सांगतो.