चार मार्कांनी गेलेल्या विषयासाठी अर्ज घालावा की नाही: माझा अनुभव

खानापूरच्या ताईंनी काल लिहिलंय की तिसऱ्या सेमिस्टरला ॲडल्ट हेल्थ नर्सिंगची थिअरी ४६ वर अडकली (पासला ५० लागतात), रिटोटलिंगचे, म्हणजे मार्कांच्या फेरबेरजेचे, पैसे भरावेत की गुपचूप परत परीक्षेला बसावं, आणि घरात कुणाला विचारायची सोय नाही. वाचून रात्री झोप लागली नाही. माझे ४७ होते. तुझ्याहून मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते.

आधी एक सांगते, मी वकील नाही, शिकवतही नाही, वॉर्डात ड्यूटी करते. माझ्या वेळी वार्षिक पद्धत होती, आता सेमिस्टर आहे. कर्नाटकातल्या राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाखालच्या बी.एस्सी. नर्सिंग कॉलेजचं मला माहीत आहे. जीएनएमचं (नर्सिंग डिप्लोमाचं) बोर्ड वेगळं, डीम्ड विद्यापीठांचे नियम त्यांचे स्वतःचे. फी आणि तारखा चालू सर्क्युलरमध्येच बघ, मैत्रिणीच्या स्टेटसवर नको.

तुझ्या पोस्टमध्ये मला हवी असलेली गोष्टच नाही. ४६ म्हणजे पेपरचे ७५ पैकी किती आणि इंटर्नलचे, म्हणजे कॉलेजने दिलेले, २५ पैकी किती? सगळा निर्णय इथे आहे. रिटोटलिंगमध्ये बेरीज बघतात, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का ते बघतात. इंटर्नलला ते हात लावत नाहीत, कारण ते मार्क तुझ्या कॉलेजने पाठवलेले असतात.

माझे पेपरात ३६ होते आणि इंटर्नल ११. मी मात्र महिनाभर पेपरामागे धावले. वर्गात ज्यांचा पेपर माझ्यासारखाच गेला होता त्यांना इंटर्नल सतरा-अठरा, हे मी विचारलंसुद्धा नाही. नंतर कळलं ते असं. टायफॉइडमुळे माझी एक सेशनल, म्हणजे कॉलेजातली परीक्षा, बुडली होती. ती मी पुन्हा दिली होती, पण ते मार्क चढलेच नाहीत, नावापुढे 'ॲबसेंट' तसंच राहिलं. आणि त्या शीटवर माझी सही होती. मेल सर्जिकल वॉर्डच्या बाहेर मॅडमनी स्टुलावर कागद ठेवला, मागे पाच-सहा मुली उभ्या, माझ्या बगलेत बीपीचा कफ, दुसऱ्या हातात टीपीआर (ताप-नाडी-श्वास) चार्ट. मॅडम म्हणाल्या, लवकर. मी केली सही. आकडा वाचायला दोन सेकंद लागले असते. मार्क विद्यापीठाकडे गेल्यावर कॉलेज म्हणतं, आता आमच्या हातात काही नाही, आणि दाखवायला तुझीच सही असते.

पण माझे सहा महिने वाया गेले ते यामुळे नाही. ते गेले एका ऑफिसमुळे. कुठलं ते लिहीत नाही. सप्लिमेंटरीचा फॉर्म सुटला होता. मी खिडकीत विचारलं, रिटोटलिंगचा अर्ज घातलाय, तरी हा फॉर्म भरू का? आतून उत्तर आलं, "रिझल्ट बरली, आमेले नोडोण." निकाल येऊ दे, मग बघू. तीन वेळा गेले, तीन वेळा हेच. माझं कन्नड तेव्हा पेशंटला 'कुठे दुखतंय' विचारण्यापुरतं, त्यामुळे उलटून बोलायचं धाडस झालं नाही. 'नो चेंज' आलं तेव्हा फॉर्मची शेवटची तारीख, दंडासकट, उलटून गेली होती. बाबांनी रजा काढली, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर बसून आम्ही बेंगळुरूला, जयनगरला विद्यापीठात गेलो. तिथे सांगितलं, कॉलेजमार्फत या. सकाळी पोचलो, त्याच रात्रीच्या गाडीने परत. बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. आजही त्या खिडकीचा राग येतो. ज्या माणसाला नियम माहीत नाही त्याने 'माहीत नाही' म्हणावं, पोरीचं अर्धं वर्ष घेऊ नये.

म्हणून माझं ठाम मत: अर्ज घाल किंवा नको घालू, परीक्षेचा फॉर्म आजच भर. पास झालीस तर फॉर्मचे पैसे गेले, एवढंच. कुणी तोंडी 'थांब' म्हटलं तर म्हण, लिहून द्या. नाही दिलं तर तूच साध्या कागदावर तारीख घालून अर्ज दे आणि झेरॉक्सवर पोच घे.

आता रिटोटलिंगचं. पेपरात ३२-३३ च्या आसपास असशील आणि एखादं पूर्ण उत्तर तपासलं नसावं अशी शंका असेल, जसं पुरवणीवरचं किंवा प्रश्नक्रमांक चुकून घातलेलं, तर जरूर कर. 'मी छान लिहिलं होतं' एवढ्यावर करू नकोस. दहा मार्कांचा लाँग एसे सोडला असशील तर ते पैसे पुस्तकाला घाल. आधी उत्तरपत्रिकेची प्रत मिळते का बघ. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलंय की तपासलेली उत्तरपत्रिका बघणं हा माहिती अधिकारात विद्यार्थ्याचा हक्क आहे. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत ठेव. मराठीत घालू नकोस, कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा एवढंच आहे, अर्ज परत यायला निमित्त नको. उत्तराला तीस दिवस असतात, म्हणून हा रस्ता फॉर्म भरल्यावरचा.

इंटर्नल कमी असेल तर प्राचार्यांकडे जा, सेशनलचे पेपर आणि हजेरी मागून बघ. पुढच्या परीक्षेआधी ते सुधारायची संधी देतात का ते विचार. मला दिली होती, म्हणून मी दुसऱ्यांदा ५८ ने सुटले.

जाता जाता एक. आपण मराठी मीडियमच्या मुली उत्तर येत असून इंग्रजी वाक्य जुळवण्यात वेळ घालवतो. व्याख्या, आकृती, मग नर्सिंग मॅनेजमेंट मुद्द्यांत, असं लिही. आणि क्लिनिकलची हजेरी पदवीआधी शंभर टक्के भरून द्यावी लागते, बॅकलॉगच्या (राहिलेल्या विषयाच्या) नादात वॉर्डातलं पोस्टिंग साठवू नकोस.

आई म्हणायची, "परत बस की गं, लोक काय खातात काय?" तुझ्या घरात असं म्हणणारं कुणी नसेल तर मी म्हणते. पेपर किती, इंटर्नल किती आणि फॉर्मची शेवटची तारीख, हे तीन आकडे इथे लिही. कॉलेजचं नाव नको. सकाळची ड्यूटी आहे, तीननंतर बघून सांगते.