सोलापूरच्या उन्हाळ्यात ॲक्सोलॉटलने (पाण्यात राहणारा सॅलॅमँडर) खाणं सोडलंय, गिल्स (डोक्याच्या बाजूचे पिसांसारखे कल्ले) पुढे वळलेत. आजारी आहे का?

त्याला त्रास होतोय हे नक्की, आणि पहिला संशय पाण्याच्या उष्णतेवर घ्या. हा मेक्सिकोतल्या सोचिमिल्को तलावाच्या थंड पाण्यातला जीव. त्याला १६ ते १८ अंश मानवतं, २४ च्या वर कासावीस होतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा नुसत्या पंख्यावर भागत नाही, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) लागतोच. तो परवडणार नसेल तर कृपा करून पाळू नका.

आज थर्मामीटर लावा, पाण्यातले अमोनिया-नायट्राइट (घाणीतून तयार होणारी विषारी द्रव्यं) तपासा. दोन्ही शून्य हवेत. नळाचं पाणी क्लोरीन काढूनच घाला. शेपटीचं टोक आकड्यासारखं वळणं हेही त्रासाचंच लक्षण. गिल्सवर कापसासारखा पांढरा पुंजका दिसला तर बुरशी समजा, प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तळाशी खडी असेल तर काढा, तो गिळतो.