ऊद, उदमांजर आणि उदबत्ती

एका ताईंनी विचारलंय की पोराला शाळेतून 'पतंग आणि ऊद यांची तुलना करा' असं दिलंय, तर ऊद म्हणजे उदमांजरच ना? नाही ना बाप्पा! हे ऐकून ऐकून कान किटले. टीव्हीवर नदीतला प्राणी दाखवतात अन् खाली पट्टी 'उदमांजर'. पाण्यात मासे धरतो तो ऊद, म्हणजे पाणमांजर, ऑटर. उदमांजर म्हणजे रात्री झाडावर-छपरावर धिंगाणा घालणारं, ज्याच्या विष्ठेतल्या बियांची महागडी कॉफी विकतात ते. अन् मांजर दोघंही नाहीत.

आधी नावं बघू. पतंगाचं, म्हणजे त्या उडणाऱ्या किड्याचं, सोपं आहे, पत् म्हणजे उडणं, संक्रांतीचा कागदी पतंगही त्याच नावावर उडतो, झालं.

खरी गंमत ऊदात. संस्कृतात हा उद्र, उदकाचा भाऊबंद. इंग्रजीतला ऑटर अन् ग्रीकांचा पाणसाप हायड्रा, दोघंही त्याच घराण्यातले. पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातही हा 'उद्र'च आहे, अन् त्यातल्या वेंदिदाद या भागात त्याला मारणाऱ्याला 10,000 फटक्यांची शिक्षा सांगितलीय, म्हणजे काय मान असेल बघा!

मग उदमांजरातला ऊद कोणता? माझं म्हणणं, तो अरबी ऊद, सुगंधी लाकूड, उदबत्तीतला. या प्राण्याच्या शेपटीखाली गंधग्रंथी असतात, अन् त्याच्याच भावकीतल्या एकाला आपण जवादी मांजर म्हणतो ते जवादी नावाच्या सुगंधी द्रव्यावरूनच, मग इथंही वासच नको का धरायला? पण काही पंडित 'उद म्हणजे पाणी' एवढं एकच पाठ करून दोन्ही प्राणी एकाच डबक्यात ढकलतात. अहो, झाडावर राहणाऱ्याला पाण्याचं नाव काऊन देतील लोक? उदबत्ती काय पाण्यात पेटवता?

हां, तुलना राहिलीच. पतंग सहा पायांचा कीटक, अंडं-अळी-कोष करत मोठा होतो. ऊद सस्तन, पिल्लांना दूध पाजतो, बोटांमध्ये पोहायला पडदे. उदाहरण द्यायचंच तर आपल्या भंडारा-गडचिरोलीकडचा कोशाचा पतंग द्या, टसर रेशमाचा. अळी असताना ऐन-अर्जुनाचा पाला खाऊन टम्म होते, अन् पतंग झाला की तोंडच कामाचं राहत नाही, चार दिवस उपाशीच जोडीदार शोधायचा, अंडी घालायची अन् संपलं. ऊदाला मात्र रोज मासोळी लागते, भरपूर.