शंख, शिंपला की कवच?

खानापूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय: मृदुकाय (म्हणजे गोगलगाय, शिंपले यांच्या गटातल्या मऊ अंगाच्या) प्राण्यांच्या सर्वांत जुन्या जीवाश्मांबद्दल मुलांना सांगताना 'शंख' म्हणावं की 'शिंपला'? आणि सहलीला गोकाकला नेलं तर तिथल्या दगडात ते दिसतील का?

बाई, सरळ 'कवच' म्हणा. शंख म्हटलं की वळसे आले, शिंपला म्हटलं की बिजागरीने जोडलेल्या दोन झडपा आल्या. सुमारे ५३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांतली बरीचशी कवचं या दोन्हींत बसत नाहीत. ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची, टोपीसारखी, टोक एका बाजूला कललेलं. त्याच सुमाराच्या पोजेटाया, फोर्डिला या नावांच्या जीवाश्मांना मात्र दोन झडपा आहेत. त्यांना खुशाल शिंपले म्हणा.

ही कवचं मिळतात कशी, हेही मुलांना जरूर सांगा. व्हिनेगरमध्ये असतं तेच आम्ल पातळ करून त्यात चुनखडक ठेवतात. चुना विरघळून जातो, तळाशी फॉस्फेटचे कण उरतात. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यातले कितीतरी म्हणजे कवचाच्या पोकळीत शिरून तिथंच घट्ट झालेलं फॉस्फेट! मूळ कवच गेलेलं, पण त्याच्या आतल्या अंगाच्या स्फटिकांचे ठसे कधी कधी त्यावर उमटलेले असतात. अशा जीवाश्माला 'कवच'सुद्धा न म्हणता 'कवचाचा आतला साचा' म्हणणं चोख.

शंख-शिंपला ही घराची नावं, राहणाऱ्याची नव्हेत. आपल्याकडं राहणाऱ्याला मराठीत गोगलगाय, कन्नडमध्ये बसवन हुळू, म्हणजे बसवाचा, नंदीचा किडा. दोन्ही भाषांना त्या डोक्यावरच्या शिंगांत गुरंच दिसली, हे मला फार आवडतं. आणि घराऐवजी राहणाऱ्याचं नाव घेणं शास्त्राच्याही सोयीचं आहे, कारण कवच नसलेलेही मृदुकाय असतात. रशियात पांढऱ्या समुद्राकाठी सापडलेला किंबरेला नावाचा जीवाश्म प्राणी साडेपंचावन्न कोटी वर्षांपूर्वीचा. अनेक अभ्यासक त्याला मृदुकायांच्या जवळचा मानतात, पण चुन्याचं कवच त्याला नव्हतंच. पावसाळ्यात बांधावर दिसणाऱ्या बिनकवचाच्या गोगलगायींची गोष्ट उलटी: त्यांच्या पूर्वजांना कवच होतं, पुढं ते गेलं.

गोकाकला मात्र शोधू नका. धबधबा ज्या वालुकाश्मावरून कोसळतो तो कवचधारी प्राणी येण्याच्या कितीतरी आधीचा. घटप्रभेच्या वाळूत मुलांना काही सापडलं, तर ते आजचे शिंपले.